१३० वर्षांचं घर घ्यावं का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय ३९. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. अकरा वर्षांपासून इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात भाड्याने राहतात. मुलं नऊ आणि चार वर्षांची. शाळेपासून चालत सात मिनिटांवर १८९० च्या दशकातलं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक टेरेस्ड (भिंतीला भिंत लागून रांगेतलं) घर विक्रीला आलं आहे. तीन बेडरूम, वर 'लॉफ्ट रूम' (माळ्यावरची खोली), मागे छोटी बाग, किंमत ४,५०,००० पौंड. त्यांना ते पाहताक्षणी आवडलं. यजमानांना मात्र शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतलं, साधारण त्याच किमतीचं घर हवं आहे. 'दुसऱ्याची जुनी दुखणी आपण का विकत घ्यायची?' असं ते म्हणतात. साताऱ्याहून सासरे फोनवर म्हणाले, 'त्या घराचं आयुष्य कधीच संपलंय.' टेरेस्ड म्हटल्यावर सासूबाईंनी आधी गच्ची केवढी ते विचारलं, मग दार कुठल्या दिशेला ते. दोघं दर वर्षी काही महिने येऊन राहतात. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. एजंटने शुक्रवारपर्यंत शेवटची ऑफर मागितली आहे. 'मला हे घर मुलांसाठी आणि कायमचं हवंय. मी हट्ट करतेय का? घरातल्या शांततेसाठी सोडून देऊ का?'

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात दोन गोष्टी अगदी ओझरत्या आल्या आहेत. वडील बँकेत होते, दहावीपर्यंत सात गावं आणि सात घरं झाली, हे एका ओळीत. आणि यजमानांचं बालपण साताऱ्याच्या वाड्यात गेलं, भाऊबंदकीत तो पडीक झाला आणि एका पावसाळ्यात मागची भिंत कोसळली, हे दुसऱ्या ओळीत. उत्तराला बसले तेव्हा मी या दोन ओळींपाशीच सगळ्यात जास्त वेळ थांबले. रेडिंगच्या त्या घरात तुम्हाला आठवं, आता न सोडायचं घर दिसतंय. त्यांना मागची भिंत दिसतेय. विटांचं ते प्रत्यक्ष घर अजून तुमच्यापैकी कुणीच नीट पाहिलेलं नाही. म्हणून आधी त्या घराकडे जाऊ या आणि हट्टाचं मग बोलू.

सासऱ्यांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण भारतातून घराकडे पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ते असतं. आपल्या डोळ्यांसमोर असते ती आरसीसी इमारत. काँक्रीटच्या आतल्या सळया गंजतात, फुगतात, स्लॅबचे तुकडे पडू लागतात आणि तिशी-चाळिशीतच सोसायटीत रिडेव्हलपमेंटची सभा बसते. इमारतीचं 'आयुष्य' हा शब्द आपण तिथून उचलला आहे. १८९० च्या दशकातल्या या घराच्या भिंतीत सळई नाही. नऊ इंच जाडीची भरीव वीट आणि चुन्याचा दर्जा (विटांच्या सांध्यांत भरलेला चुना), वर छपराला वेल्सच्या खाणीतून रेल्वेने आलेली स्लेटची पातळ फरशी, खाली लाकडी वाशांवरची फळ्यांची जमीन. यातलं काही एका ठरावीक वर्षी संपत नाही. जे झिजतं ते तुकड्यातुकड्याने झिजतं आणि तुकड्यातुकड्यानेच बदलता येतं. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर इंग्लंडमधल्या गावोगावच्या पालिकांनी रस्त्याची रुंदी, मागची मोकळी जागा, भिंती आणि सांडपाणी यांचे नियम केले. तुमचं घर त्या नियमांनंतरचं आहे. रेडिंगच्या न्यूटाउनसारख्या भागातल्या अशा रांगा हंट्ली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यातल्या कामगारांसाठी वाढल्या. कारखाना गेला, रांगा अजून राहत्या आहेत.

सासूबाईंना समजावताना 'बैठी चाळ' म्हणा. भिंतीला भिंत लागून रांग, फक्त वर एक मजला चढवलेला आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा जिना, स्वतःचं परसदार. गच्ची नाही, हेही आधीच सांगून टाका. दिशेचा प्रश्न तुम्ही हसण्यावारी नेलात असं पत्रावरून वाटलं. तसं करू नका. घरात एकालाही दक्षिणमुखी दाराची खरीखुरी रुखरुख लागणार असेल, तर ती सर्व्हेवर (तज्ज्ञाकडून घराच्या तपासणीवर) पैसे खर्च करण्याआधी कळलेली बरी. टेरेसमध्ये दार फिरवता येत नाही. फार तर समोरच्या रांगेतलं घर विक्रीला येण्याची वाट पाहता येते.

आता यजमानांच्या 'दुखण्यां'कडे येते. त्यांची भीती पोकळ नाही. या घरांत खरी दुखणी असतात, आणि त्यातलं सगळ्यात बदनाम म्हणजे ओल. आम्ही लेस्टरमध्ये अशाच एका घरात नऊ वर्षं राहिलो. दुसऱ्या हिवाळ्यात पुढच्या खोलीच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल आली, गिलाव्याचे पोपडे निघाले. 'फुकट तपासणी' करून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, भिंतीला यंत्र टेकवलं आणि ही जमिनीतून चढणारी ओल आहे असं सांगून गेला. भिंतीला भोकं पाडून रसायन भरलं, नवा गिलावा केला, जवळचे बरेच पैसे गेले. पुढच्या हिवाळ्यात ओल परत आली. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने बाहेर उभं राहून वर बोट दाखवलं. पन्हळीचा सांधा सुटला होता, पाणी वर्षानुवर्षं त्याच जागी भिंतीवरून ओघळत होतं. शिवाय आधीच्या मालकाने चुन्याचा दर्जा खरवडून सिमेंट भरलं होतं. चुन्यातून भिंतीतलं पाणी बाहेर पडून सुकतं. सिमेंटने ते आत कोंडलं. पन्हळ दुरुस्त करून दर्जा पुन्हा चुन्यात भरला आणि उन्हाळा संपेपर्यंत भिंत कोरडी झाली. हे इतकं लांबवून सांगते, कारण जो माणूस औषध विकतो त्यालाच रोगनिदान करायला बोलावू नका, हे मला पैसे मोजून कळलं आणि तुम्हाला न मोजता कळावं असं वाटतं.

ओलीचं आणखी एक कारण आपल्या स्वयंपाकघरात असतं. कुकरच्या शिट्ट्या, उकळत्या आमटीची वाफ, थंडीमुळे घट्ट लावलेल्या खिडक्या आणि रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे. ही सगळी वाफ सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर पाहताना स्वयंपाकघरातला पंखा वाफ खरोखर घराबाहेर टाकतो की गाळून परत आतच सोडतो, ते पाहा. जोत्याजवळच्या भिंतीत जाळीच्या विटा असतात. लाकडी जमिनीखाली त्यांतूनच वारा खेळतो. कुणी गारवा येतो म्हणून त्या बुजवल्या असतील, तर फळ्यांखालचे वासे कुजलेले निघू शकतात.

आणि शुक्रवार. या शुक्रवारने तुमच्या घरातली हवा तापवली आहे, म्हणून नीट सांगते. इंग्लंडमध्ये ऑफर दिली, ती विक्रेत्याने स्वीकारली, तरी दोन्ही बाजूंचे करार एक्स्चेंज होईपर्यंत कुणीच कायद्याने बांधलेलं नसतं. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिथल्या वाचकांनी हे स्वतःला लावून घेऊ नये.) ऑफरनंतर सर्व्हे, सॉलिसिटरची (खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाची) चौकशी, मॉर्गेज या सगळ्यात कित्येक आठवडे जातात आणि त्यात मागे फिरता येतं. या सोयीची दुसरी बाजूही आहे: विक्रेताही फिरू शकतो, दुसऱ्याची चढी किंमत घेऊ शकतो, आणि तुमचा सर्व्हेचा खर्च वाया जाऊ शकतो. तेव्हा शुक्रवारी तुम्हाला ठरवायचं आहे ते एवढंच, की या घराची पुढे तपासणी करायची का. आयुष्य कुठे काढायचं ते शुक्रवारी ठरत नाही. यजमानांना हे असं सांगून पाहा. माझा अंदाज आहे की त्यांचा निम्मा विरोध घाईला आहे.

अर्थात खोटी ऑफर देऊ नका. समोर बहुधा एक कुटुंब आहे, त्यांचंही पुढचं घर या साखळीत अडकलेलं असणार.

सर्व्हे करायचा झाला तर लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल तपासणीचा, करा. बँक करते ते मूल्यांकन बँकेच्या पैशासाठी असतं, त्यावर विसंबू नका. या वयाच्या घराला हजार पौंडांच्या आसपास खर्च येईल आणि तो मला योग्य वाटतो. सर्व्हेयरला आधी फोन करा आणि काय काय खास पाहायचं ते सांगा. खालच्या खोलीतली चुलीची जुनी चिमणी कुणी काढून टाकली आहे का, आणि काढली असेल तर वरच्या मजल्यावरचा तिचा भार कशावर तोललाय? पुढची-मागची खोली एक केली असेल तर मधल्या भिंतीच्या जागी तुळई घातली का, तिला कौन्सिलची मंजुरी आहे का? भिंतीतले तडे जुने, भरून स्थिरावलेले आहेत की अजून हलताहेत? पाण्याची नळी शिशाची तर नाही? विजेच्या वायरिंगची तपासणी वेगळी, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

जाहिरातीतल्या 'लॉफ्ट रूम' या शब्दाकडे मात्र मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधते. तिला बेडरूम म्हटलेलं नाही, ते विसरून नव्हे. बिल्डिंग रेग्युलेशनची मंजुरी, आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग, नीट जिना, असं सगळं असल्याशिवाय माळ्यावरची खोली बेडरूम म्हणून विकता येत नाही. तुम्ही तिथे मुलीची खोली मनात मांडून ठेवली आहे. मंजुरीचा कागद सॉलिसिटरच्या हातात येईपर्यंत ते घर तीन बेडरूमचं समजा आणि त्याच हिशेबाने किंमत लावा. पुढे मंजुरीसकट माळा करायचा झाला, तर शेजारची सामाईक भिंत येते. तिच्यात तुळई रोवायची तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

बाबासाहेबही लंडनमध्ये अशाच घरात राहिले, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. प्रिमरोज हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले. ते घर विक्रीला आलं तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं. पुढची गोष्ट मात्र कमी लोकांना आठवते. राहत्या घराचं स्मारक-संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, आणि अपिलानंतर २०२० मध्ये ती परवानगी मिळाली. टेरेसमधलं घर विकत घेतलं तरी त्यात काय करायचं हे एकट्याच्या मर्जीवर नसतं. तुम्ही पुढच्या खोलीत शनिवारी मराठीचे वर्ग घ्यायचं म्हणताय. पाच-सहा मुलं आली-गेली तर बहुधा कुणी काही म्हणणार नाही. त्याहून मोठं काही मनात असेल तर घेण्याआधी कौन्सिलला विचारा, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना एकदा भेटून या.

आता एक कर, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कोथरूडच्या फ्लॅटच्या करारावर सासऱ्यांच्या बरोबरीने यजमानांचं नाव आहे, असं तुम्ही पैशांचा हिशेब मांडताना लिहिलंत. आपल्याकडे मुलाचं नाव घालून ठेवण्याची पद्धतच आहे. इंग्लंडची स्टॅम्प ड्यूटी मात्र जगात कुठेही असलेलं घर मोजते. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, तुम्ही दोघं पहिल्यांदाच घर घेणारे ठरलात तर साडेचार लाखांवर ७,५०० पौंड भराल. तुमच्यापैकी एकाचाही दुसऱ्या घरात ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा धरला गेला (आजच्या भावाने पन्नास लाख रुपयांच्या आतबाहेर), तर पहिल्या घराची सवलत तर जातेच (ती त्याहून लहान हिश्शानेही जाते), वर ५ टक्के जादा कर बसतो: १२,५०० अधिक २२,५००, म्हणजे ३५,००० पौंड. घर फक्त तुमच्या नावावर घेऊन यातून सुटता येत नाही, कारण जादा कराच्या बाबतीत नवरा-बायकोला एकत्रच धरतात. नंतर कोथरूडचा फ्लॅट विकला तरी हा पैसा परत मिळेल असं गृहीत धरू नका. हे नव्या घरालाही तितकंच लागू आहे, त्यामुळे तुमच्या वादात ते कुणाच्याच बाजूने नाही. इंग्लंडमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या आणि गावाकडे कागदावर नाव असलेल्या प्रत्येक वाचकाने हा परिच्छेद आपल्या जोडीदाराला वाचून दाखवावा.

नव्या घराबद्दल यजमानांशी न्यायाने वागायचं तर: ऊब जास्त, हीटिंगचं बिल कमी, गाडी दारात, आणि बहुतेक ठिकाणी दहा वर्षांची हमी. पण त्या हमीत पहिली दोन वर्षंच बिल्डर बहुतेक दोष दुरुस्त करून देतो, पुढची आठ मुख्यतः बांधकामाच्या मोठ्या दोषांपुरती असतात. अनेक नव्या वसाहतींत रस्ते आणि बागा कौन्सिलकडे गेलेल्याच नसतात, त्यांचा देखभाल खर्च घरमालकांना वर्षानुवर्षं द्यावा लागतो. तो किती आणि कशाने वाढतो, हे लेखी मागा. जुन्या घराची दुखणी भिंतीवर दिसतात, नव्या घराची बरेचदा करारात असतात. दोन्ही घरांच्या खर्चाचं दहा वर्षांचं कोष्टक यजमानांनाच मांडायला सांगा. त्यात तुमच्या बाजूला दर वर्षी दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम प्रामाणिकपणे धरा, आणि त्यांच्या बाजूला शाळेपर्यंतचे दोन वेळचे गाडीचे हेलपाटे.

सासू-सासऱ्यांसाठी घर निवडताना एक कटू गोष्ट लक्षात ठेवा. भेटीच्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि वयस्क आईवडिलांना कायमचं आणण्याचा मार्ग २०१२ पासून फार अरुंद झालाय. ते तुमच्याकडे येतील ते पाहुण्यासारखे, ऋतू पाहून. तेव्हा घराची परीक्षा त्या महिन्यांपुरती करा. तुम्हाला न आवडलेली त्या घरातली एक गोष्ट इथे उपयोगी आहे: स्वयंपाकघरामागची, तळमजल्यावरची न्हाणीघराची जागा. व्हिक्टोरियन जिने उभे आणि अरुंद असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुढच्या खोलीत पलंग आणि त्याच मजल्यावर संडास-बाथरूम मिळणं ही मोठी सोय आहे. ते बाथरूम वर हलवायचा बेत तूर्त बाजूला ठेवा.

राहिला 'कायमचं' हा शब्द. तो तुम्ही पत्रात पाच वेळा वापरलाय आणि मला तो समजतो. सात गावं बदललेल्या मुलीला दाराच्या चौकटीवर मुलांची उंची नोंदवत जावं असं वाटणारच. पण ते घर १३० वर्षांत अनेकांनी 'कायमचं' म्हणून घेतलं असेल आणि मग विकलं असेल, जसं आत्ता कुणीतरी विकतंय. नऊ वर्षांची मुलगी आणखी नऊ वर्षांनी विद्यापीठात जाईल, धाकटं मूल चौदा वर्षांनी. तुम्ही एवढी वर्षं धरून विचार केलात, तर त्या घरावरचा भार हलका होईल आणि यजमानांवरचाही. कायमच्या निर्णयाला 'हो' म्हणणं अवघड असतं. बारा-पंधरा वर्षांसाठी म्हणता येतं.

हट्टाचं विचारलंत. हवंसं वाटणं म्हणजे हट्ट नव्हे. पण यजमानांनी 'ठीक आहे, घे' म्हणून सोडून दिलं आणि मग दर पावसाळी रात्री ते छताकडे बघत जागे राहिले, तर ते घर तुमचं एकटीचं होईल. आणि शांततेसाठी तुम्ही सोडून दिलंत, तर नव्या वसाहतीतल्या प्रत्येक गैरसोयीवर तुमच्या मनात त्यांचं नाव लिहिलं जाईल. दोन्ही टाळण्यासाठी मला एकच वाट दिसते. त्यांच्याकडून त्या वाड्याची गोष्ट पूर्ण ऐका. भिंत पडली त्या रात्री घरात कोण कोण होतं, दुरुस्तीचा खर्च कोणत्या काकांनी नाकारला, सासरे तेव्हा काय म्हणाले. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तुम्ही ती तुकड्यातच ऐकली आहे. तो वाडा जुना होता म्हणून पडला, की चार भावांपैकी कुणीच कौलं शाकारली नाहीत म्हणून पडला, हे तेच सांगू शकतील. तुम्ही सांगायला गेलात तर तो युक्तिवाद होईल.

रेडिंगला या आठवड्यात पाऊस झाला की दोघं मिळून ते घर पुन्हा पाहायला जा, मुलांना घरी ठेवून. आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पन्हळी आणि छपरावरची धुराडी पाहा, मग आत जा. पुढच्या खोलीतल्या त्या कोनाकृती मोठ्या खिडकीत बसायचा मोह शेवटी पुरा करा. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला, त्यानंतर साध्या माणसांच्या घरांनाही अशा खिडक्या येऊ लागल्या. तुम्हाला ती आवडली यात नवल नाही. पाहून झाल्यावर यजमान अजून 'नको'च म्हणाले, तर त्यांना कारण त्या घराकडे बोट दाखवून सांगायला सांगा. त्यांनी दाखवलेली जागा सर्व्हेयरच्या यादीत पहिली लिहा. तेवढ्यावर दोघांचं जमलं, तर शुक्रवारी ऑफर द्या, 'सर्व्हे आणि करार यांच्या अधीन' हे शब्द घालून. नाही जमलं तर एजंटला नाही कळवा. रेडिंगमध्ये अशा रांगा पुष्कळ आहेत.

कोथरूडच्या कराराची प्रत मात्र शुक्रवारची वाट न पाहता सॉलिसिटरला आजच पाठवा.